वेळूचे बळ

आपल्या बुरूड ज्ञातीच्या इतिहासाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे आपण बहुधा बाराव्या शतकातील कल्याण नगरीपासून, म्हणजे बसवेश्वरांच्या शरणमंडळीत मानाने वावरणाऱ्या मेदार केतय्यांपासून प्रारंभ करतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या वेळूवर केतय्यांचा आणि पुढे आपल्या पिढ्यानपिढ्यांचा चरितार्थ चालला, त्या वेळूलाही स्वतःचा इतिहास आहे. आणि तो मानापेक्षा उपेक्षेचाच अधिक आहे. सुपे, टोपल्या व कणग्या यांपलीकडे वेळूची योग्यता नाही आणि कुडाचे घर म्हणजे दारिद्र्याची खूण, असा समज समाजात दृढ झाला. तो कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

वेळू हे वस्तुतः गवत होय. त्याचा कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि तीन-चार वर्षांत तो बांधकामास योग्य असा पक्का होतो. पक्का वेळू तोडला तरी भूमीतील कंद जिवंत राहून पुन्हा कोंब देतो. त्याचे चिवट तंतू सालीच्या बाजूस दाट असतात. आत पोकळ, बाहेर कणखर आणि प्रत्येक पेरावर आडवा पडदा, अशी त्याची रचना असल्यामुळे तो वजनाने हलका असूनही सहजासहजी वाकून मोडत नाही. तंतूंच्या दिशेने ताण सोसण्यात, वजनाच्या मानाने, तो पोलादाशी स्पर्धा करतो. मुंबईतील कित्येक उंच इमारती वेळूच्या परांचीवर उभे राहून गवंड्यांनी बांधल्या, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

मग त्याची अपकीर्ती का झाली? त्याचे कारण भुंगा व ओल. वेळूतील पिठूळ अंशावर भुंगा पडतो, मातीत पुरलेले टोक कुजते आणि उभा खिळा ठोकला की कांब चिरते. आपल्या वडीलधाऱ्यांस हे ठाऊक होते. म्हणूनच ते पावसाळा सरल्यावर पक्का वेळू तोडीत, तो पाण्यात मुरवीत आणि सांधा खिळ्याने न जोडता बंधाने आवळीत. आज टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाने हेच रक्षण अधिक खात्रीने करता येते.

वेळूच्या बांधणीचे मोल भूकंपाने दाखवून दिले. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभूकंप होऊन शिलाँगच्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर त्या प्रांतात लाकडी सांगाडा, त्यात बोरूचा वा वेळूच्या कामट्यांचा कूड आणि वर गिलावा, अशी हलकी बांधणी रूढ झाली. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. भिंत जितकी जड, तितका तिला बसणारा हादरा मोठा. हलक्या वेळूचे महत्त्व येथे कळून येते.

कायद्यानेही वेळूवर अन्याय केला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने या गवतास वृक्षांत गणले. त्यामुळे शेताच्या बांधावरचा वेळू नेतानाही परवान्याचा प्रश्न येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूस गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०११ साली आपल्या वनातील वेळूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळविला. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत वेळूच्या बांधकामास स्वतंत्र विभाग लाभला आणि अखेर २०१७ साली वृक्षाच्या कायदेशीर व्याख्येतून वेळूस वगळण्यात आले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, वेळूचे बळ आता शास्त्राने मानले व कायद्याची मोठी अडचणही दूर झाली. परंतु याच सुमारास आपल्या घराघरांतून कोयता खाली ठेवला जात आहे. वेळूची पारख बोटांत असलेली वृद्ध मंडळी दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या मुलामुलींनी स्थापत्यशास्त्र अवश्य शिकावे. मात्र तत्पूर्वी एकदा आजोबांजवळ बसून पक्का वेळू कोणता व कच्चा कोणता, हे हाताने ओळखावयास शिकावे. नाहीतर वेळूस मान मिळेल आणि तो जाणणारे हात मात्र आपल्यात उरणार नाहीत.