कळंबची वाट, दोन मापांची

यवतमाळहून वर्ध्याच्या रस्त्याला लागले की वीस-बावीस किलोमीटरवर कळंब येते. हौशी सायकलस्वाराच्या हिशेबी हे अंतर म्हणजे रविवारची सकाळ. उन्हे चढायच्या आत जायचे, जमिनीखाली उतरून चिंतामणीचे दर्शन घ्यायचे, चहा घ्यायचा आणि परतायचे. त्याच रस्त्यावरून आठवी-नववीची तीस मुले न्यायची म्हटली, तर अख्खा दिवस जातो. कोणाची साखळी उतरते, कोणाची हवा जाते, कोणाला तहान लागते. वाट एकच, पण तिची मापे दोन. सायकलची हौस आणि पोरांना घेऊन मोहिमा काढणे या दोन्ही गोष्टी सांभाळू पाहणारी मंडळी बहुधा रविवारांची वाटणी करत बसतात, चारपैकी दोन आपले आणि दोन मुलांचे. मला ही वाटणीच चुकीच्या जागी केलेली वाटते. या दोन गोष्टींचे भांडण वेळेवरून नसून गतीवरून आहे आणि इतिहासाने ते पूर्वीच बऱ्यापैकी उलगडून ठेवले आहे.

कळंबपासूनच सुरुवात करू. आज तालुक्याचे असलेले हे गाव अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते. ‘आईन-इ-अकबरी’त त्याची तशी नोंद आहे. ठाणे म्हटले की वसूल, फौजफाटा आणि धान्याची ने-आण आलीच. ही ने-आण करणाऱ्या बंजाऱ्यांची वस्ती यवतमाळच्या मुलखात आजही मोठी आहे. लदेणी निघाली की शेकडो बैल, पाठीवर मीठ आणि धान्य, बरोबर बायकापोरे आणि सगळ्यांवर एक नाईक. या नाईकाचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो तांड्यातला सर्वांत वेगवान माणूस असावा अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, मुक्काम कुठे टाकायचा हे त्याने जाणावे आणि तांडा लादलेल्या बैलाच्या चालीने न्यावा, एवढीच अपेक्षा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, पक्क्या सडकांवर गाड्या धावू लागल्या आणि लदेणीचा धंदा बसला. पण ताफ्याचा वेग त्यातला सर्वांत मंद जीव ठरवतो आणि म्होरक्याने तो निमूट मान्य करायचा असतो, हे या वाटांना सायकल येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

सायकलच्या दुनियेत हाच प्रश्न फ्रान्समध्ये उघड्यावर आला. १९०४ मध्ये आंरी देग्रांज या संपादकाने (आदल्याच वर्षी ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा तो हाच) ‘ओडॅक्स’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरी चालू केल्या. त्यात घोळक्यापुढे कप्तान असे, वेग तो राखी आणि त्याच्या पुढे जायची कुणालाही मुभा नसे. या प्रकारात आजही ताशी २२.५ किलोमीटरची चाल ठरलेली असते. दमदार गड्याने पाय आवरायचे आणि कमजोर गड्याला इतरांनी सांभाळून न्यायचे, अशी ती रीत. पुढे देग्रांज आणि पॅरिसचा ओडॅक्स क्लब यांचे बिनसले आणि १९२१ पासून क्लबने दुसरी वाट धरली. ठरलेल्या मुदतीत अंतर कापा, वेग ज्याचा त्याचा. गेल्या दीड दशकात आपल्याकडच्या शहरांत रुजलेल्या ‘ब्रेव्हे’ सफरी या दुसऱ्या शाखेच्या आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, बाकी तुम्ही आणि तुमची सायकल. एकाच हौसेतून निघालेले हे दोन प्रकार एका नियमावलीत नांदू शकले नाहीत, हे मला फार बोलके वाटते. तेव्हा वाद झाला तो माणसांमाणसांतला, हे खरे. पण शंभर वर्षे झाली तरी दोन्ही रीती वेगवेगळ्याच टिकल्या आहेत, म्हणजे फरक नुसता मानापमानाचा नव्हता. स्वतःच्या गतीने जाण्यात एक सुख आहे आणि सगळ्यांना बरोबर पोहोचवण्यात दुसरे. एकाच दिवशी, एकाच खोगिरावर बसून दोन्ही मिळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की जिवाभावाचे मित्र असले की म्होरक्याची गरज कसली? त्यासाठी मुंबईचेच उदाहरण पुढे करता येईल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. वाळवंटे, पर्वत, अरण्ये ओलांडून १८ मार्च १९२८ ला मुंबईत परत आले ते तिघे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. उरलेल्यांपैकी एक जण तेहरानहूनच माघारी फिरला, एक अमेरिकेत राहिला, आणखी एकाने मध्येच साथ सोडली. त्यांच्या पराक्रमाला याने काडीचाही उणेपणा येत नाही. प्रौढ माणसे होती, ज्याला जिथे थांबावेसे वाटले तिथे तो थांबला. बरोबरीच्या गड्यांच्या मोहिमेत तेवढी मोकळीक हवीच. पण हाच हिशेब शाळकरी पोरांच्या मोहिमेला लावून पाहा. कळंबला गेलेल्या तीसपैकी पंधराच संध्याकाळी घरी परतले, तर त्याला कोणी पराक्रम म्हणणार नाही. म्हणून मोठा सायकलपटू आपोआप चांगला मोहीमनायक होतो हे मला पटत नाही. त्याच्या अंगात भिनलेली सवय पुढे निघून जाण्याची असते.

याचे दुसरे टोक कळंबच्या शेजारमुलखातच सापडते. डिसेंबर १९८५ मध्ये वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान घेऊन निघाले. बरोबर ११६ तरुण-तरुणी, त्यांच्या सायकली आणि पुढ्यात पाच हजार किलोमीटरची वाट. बाबांनी सत्तरी गाठली होती आणि मणक्याच्या विकारामुळे त्यांना धड बसताही येत नव्हते. सगळा प्रवास त्यांनी गाडीत आडवे पडून केला. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा असे दुसरे अभियान निघाले, तेही त्याच अवस्थेत. देशातल्या सर्वांत गाजलेल्या तरुणांच्या सायकल मोहिमांचा म्होरक्या पायडलवर पाय ठेवू शकत नव्हता, हे नीट ध्यानात घ्यावे. ते हौसेचे सायकलिंग नव्हते, राष्ट्रीय एकात्मतेचा संदेश होता, तेव्हा त्याची तुलना कशी करायची, असा आक्षेप येईल. हेतू वेगळा होता हे कबूल. पण हेतू कितीही उदात्त असो, चढ चढतोच आणि ट्रक अंगावर येतोच. शंभरावर सायकली एका रस्त्याने न्यायच्या म्हणजे पाणी, मुक्काम, दुरुस्ती आणि मागे पडलेल्यांची सोय लागतेच. १९६७ पासून सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत तरुणांचे जथे राबवण्याचा अनुभव बाबांच्या गाठीशी होता. माझ्या मते सायकलींच्या मोहिमेत तो अनुभवच कामी आला असणार. यातून म्होरक्याने गाडीतच बसावे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बाबांचा नाइलाज होता, तुमचा-आमचा नाही आणि घोळक्याच्या शेपटाला एक जाणता सायकलवाला लागतोच लागतो.

कळंबसारख्या तालुक्याच्या गावात सायकलची कसली आली हौस, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. इथे सायकलने दुधाच्या कॅन वाहिल्या, शेतावर डबे नेले, पोस्टमनला गावोगाव फिरवले. भाड्याच्या सायकलीचा ताशी हिशेब होता, बिनदिव्याची किंवा डबल सीट सायकल पकडली जाण्याची भीती होती. कैची मारत शिकलेल्या पोराला घरून लगेच किराणा आणायला पिटाळले जाई. पाठीवर चटकदार जर्सी घालून फिरण्याचे कौतुक शहरी, हे खरेच आहे. पण हौस अशी वेगळी काढून दाखवता येत नाही. किराण्याला गेलेले पोर उताराला पायडल सोडून हात पसरत असे, ती हौसच होती, फुकटची. राज्याच्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्या शिक्षण सुटू नये म्हणून. पण चार-पाच जणी एका ओळीने गप्पा मारत शाळेला निघाल्या की मागे राहिलेलीसाठी पुढची आपसूक थांबते. सोबत कशी चालवायची याचे पहिले धडे तिथेच गिरवले जातात आणि मोहिमा काढणाऱ्याला ही शिदोरी आयती मिळते.

मग मुलांना नेणाऱ्याने स्वतःच्या भरधाव सफरी सोडून द्याव्यात का? मुळीच नाही. वऱ्हाडाला आखाड्यांची परंपरा नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. आखाड्यात पैलवान वेगळा आणि वस्ताद वेगळा. वस्ताद लंगोट कसून फडात उतरत नाही, पण जोर-बैठका त्याने सोडलेल्या नसतात. सोडल्या तर पठ्ठ्याचा दम कुठे तुटतो हे त्याला दिसायचे बंद होते. एकट्याने केलेली सायकलची दौड मोहीमनायकाला अशीच उपयोगी पडते. वैशाखातला उन्हाळी वारा समोरून आला की वीस किलोमीटरचे तीस कसे वाटतात, हे पायांनीच कळावे लागते. मोहिमेच्या आदल्या रविवारी तो यवतमाळहून एकटाच निघतो, मनाला येईल त्या वेगाने. कडुनिंबाची सावली कुठे आहे, हातपंपाला पाणी आहे का, कुठल्या वळणावर ट्रक डांबर सोडून कडेला येतात, हे टिपून ठेवतो. पुढच्या रविवारी तोच माणूस त्याच रस्त्यावर सगळ्यांत मागे असतो आणि कळंबला पोहोचल्यावर चिंतामणीच्या कुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर थांबून आधी डोकी मोजतो. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावा चप्पल काढत असतो.