अकारविल्हे : जुळाऱ्यापासून संगणकापर्यंत

रत्नागिरीच्या कोणत्याहि शाळेच्या हजेरीपटांत सावंत आणि साळवी हीं दोन आडनांवें सांपडावयाचींच. मास्तरांनीं पट हातानें लिहिला, तर सावंत आधीं येतो व साळवी मागून. कारण वर्णमालेंत ‘व’ आधीं व ‘ळ’ मागून. तोच पट संगणकाकडून लावून घेतला आणि त्याला आणखी कांहीं बजावलें नाहीं, तर साळवी पुढें सरकून बसतो. पटांत एखादा क्षीरसागर असेल, तर तो शेवटच्या बाकावरून उठतो आणि थेट ‘क’ च्या अखेरीस, खरे या आडनांवाच्या आधीं, येऊन ठाकतो. संगणकाची बेरीज चुकत नाहीं याविषयीं सर्वांची खात्री असते. मग पहिलींतल्या मुलाला पाठ असलेली वर्णमाला त्यानें कां चुकावी? याचें उत्तर शोधावयाचें, तर बरेंच मागें जावें लागतें.

अशा मांडणीला मराठींत ‘अकारविल्हे’ असा मोठा सुटसुटीत शब्द आहे. विल्हे म्हणजे व्यवस्था. ज्याची त्याची जागा ठरवून देणें. ‘विल्हेवाट’ या शब्दाला अलीकडे नाहींसें करण्याचा अर्थ चिकटला आहे, पण मूळचा तोहि नीटनेटक्या घरांतलाच शब्द. आतां, व्यवस्था लावावयाची तर कशाच्या आधारानें? रोमन लिपींत ‘ए’ नंतर ‘बी’ कां यावा याला उच्चाराचें कांहींच कारण नाहीं. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या लिपीपासून चालत आलेला तो क्रम आहे व तो तसाच पाठ करावयाचा. आपल्या वर्णमालेचें तसें नाहीं. कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ अशी घशापासून ओंठांपर्यंत ती पायरीपायरीनें पुढें येते. एवढें असूनहि हा एकच क्रम शास्त्रकारांनीं पवित्र मानला नव्हता. पाणिनीला व्याकरणाचीं सूत्रें आटोपशीर करावयाचीं होतीं; म्हणून त्यानें वर्णांची चौदा सूत्रांत निराळी मांडणी स्वीकारली आणि तींत ‘ह’ दोनदां घातला! कामासाठीं क्रम असतो, क्रमासाठीं काम नव्हे, हें त्या काळींहि ठाऊक होतें.

अक्षरांना अंक देण्याची कल्पनाहि संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. केरळांतील ज्योतिष्यांनीं कटपयादि पद्धति वापरली. तींत क, ट, प आणि य या प्रत्येकापासून एक, दोन, तीन असें मोजीत जावयाचें. म्हणजे संख्या श्लोकांत गुंफतां येते व मुखोद्गत राहते. या मोजणींत ‘ह’ ला आठ मिळतात आणि ‘ळ’ ला नऊ. म्हणजे ‘ळ’ चें स्थान तेथेंहि ‘ह’ च्या मागेंच. अभिजात संस्कृतांत ‘ळ’ नाहीं, ऋग्वेदांत आहे; मराठींत तर त्याच्यावांचून एक दिवस जावयाचा नाहीं. मराठी मुलांनीं म्हणून ‘ह’ संपल्यावर ‘ळ, क्ष, ज्ञ’ अशी शेपटी जोडून वर्णमाला म्हटली, आणि क्ष व ज्ञ हीं जोडाक्षरें आहेत हें माहीत असूनहि त्यांना अक्षरांचा मान दिला.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति आली. विसाव्या शतकांत डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे प्रस्तावनेचे पांच खंड झाल्यावर पुढें विषय अकारविल्हे लागले. कोश वापरणाऱ्या घरांना या क्रमाची संवय अशी हळूहळू जडली. पण अक्षरें खरोखर हातानें निवडून ठेवण्याचें काम जर कोठें रोज चालत असेल, तर तें छापखान्यांत.

रत्नागिरीला छापखाना नवा नव्हता. ‘सत्यशोधक’, ‘बलवंत’ अशीं साप्ताहिकें या गांवीं निघत. तेथला जुळारी लाकडी पेटीच्या एकेका खणांतून खिळे उचलून ओळ जुळवी, हें सर्वांना माहीत असतें. ओळ छापून झाल्यावर काय होत असे, तिकडे मात्र कोणाचें लक्ष जात नसे. तो तेच खिळे घेऊन एकेक अक्षर ओळखी आणि पुन्हां त्याच्या त्याच्या खणांत टाकी. सगळे ‘र’ एका खणांत, सगळे ‘त’ दुसऱ्या. या टाकण्यांत एका खिळ्याची दुसऱ्याशीं तुलना करावी लागत नाहीं. ओळ दहा अक्षरांची असो वा दहा हजारांची, प्रत्येक खिळ्यास हाताची एकच फेरी. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा. तो पुढें लागणार आहे.

याच रत्नागिरींत १९२४ पासून १९३७ पर्यंत वि. दा. सावरकर स्थानबद्ध होते आणि तेथून त्यांनीं लिपिशुद्धीचें आंदोलन चालविलें. त्यांचा रोख खिळ्यांच्या संख्येवर होता. इंग्रजी जुळाऱ्याचें काम थोड्या खणांत भागे. नागरीला जोडाक्षरें व मात्रा धरून शेंकडों खिळे लागत. ‘इ, ई, उ, ऊ’ हीं निराळीं अक्षरें कशाला, ‘अ’ लाच वेलांटी व उकार द्यावे, ‘अि, अी, अु, अू’ असें लिहावें, हा त्यांतलाच एक उपाय. कांहीं वर्षें कांहींजणांनीं तें लेखन चालविलें. पुढें तें मागें पडलें. त्या वादांत खिळ्यांचा आकार, संख्या व खर्च यांची चर्चा पुष्कळ झाली. क्रमाचा प्रश्न मात्र निघाला नाहीं, आणि निघण्याचें कारणहि नव्हतें. क्रम लावणारा माणूस होता व त्याला वर्णमाला पाठ होती. गंमत अशी कीं, संगणक आल्यावर खिळ्यांची अडचण पार नाहींशी झाली. वाटेल तितकीं जोडाक्षरें तो बिनतक्रार काढून देतो. उरला तो, ज्याच्यावर कोणी वाद घातला नव्हता, तोच प्रश्न.

यंत्रानें क्रम लावण्याची विद्या मोठमोठ्या याद्यांच्या गरजेंतून जन्मली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेंत हर्मन हॉलरिथ यांनीं भोकें पाडलेलीं पत्रकें वापरलीं. भोंक जेथें असेल त्याप्रमाणें एका पेटीचें झांकण विजेनें उघडे आणि कारकून पत्रक तींत टाकी. जुळाऱ्याचे खणच ते! १९४५ सालीं जॉन फॉन नॉयमन यांनीं, लावलेल्या दोन लहान याद्या एकींत मिळवीत जाण्याची रीति यंत्रासाठीं लिहून काढली. १९५४ सालीं हॅरल्ड सुअर्ड यांनीं मोजणीची रीति मांडली : कोणता वर्ण किती वेळां आला एवढेंच मोजा आणि शेवटीं तितके तितके ओळीनें मांडा. ही तर जुळाऱ्याची रीति हुबेहूब. टोनी होर या इंग्रज तरुणाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६० च्या सुमारास मॉस्को विद्यापीठांत असतांना रशियन वाक्यांचें यंत्रानें भाषांतर करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर अकारविल्हे साठविलेला. फीत पुढेंमागें फिरवीत बसण्यापेक्षां वाक्यांतले शब्दच आधीं क्रमानें लावले तर एका फेरींत काम होतें. त्यासाठीं त्यांनीं शोधलेली रीति १९६१ सालीं प्रसिद्ध झाली व जगभर पसरली. एखादा शब्द मध्यस्थ धरावयाचा, त्याच्या अलीकडचे एका बाजूस, पलीकडचे दुसऱ्या बाजूस, आणि प्रत्येक बाजूचें पुन्हां तसेंच करावयाचें. कोशाच्या पानांपायीं ही विद्या वाढली, हें भाषेच्या अभ्यासकांनीं विसरूं नये.

शब्दांप्रमाणें एकाच शब्दांतलीं अक्षरेंहि क्रमानें लावतात. हा नुसता खेळ नव्हे. ‘नवस’ आणि ‘वसन’ यांतलीं अक्षरें क्रमानें लावलीं तर दोहोंचें ‘न व स’ च होतें. ‘रमण’ आणि ‘मरण’ यांचें ‘ण म र’. दोन शब्द त्याच अक्षरांचे आहेत कीं नाहींत, हें ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाहीं. संगणकाची विद्या शिकणाऱ्याला आरंभींच्या धड्यांत हा प्रश्न बहुधा भेटतोच.

पण संगणकाला अक्षर दिसत नाहीं. त्याला अंक दिसतो. भारतीय लिपींना अंक देण्याचें काम आपल्याकडे विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत झालें आणि १९९१ सालीं तें ‘इस्की’ या नांवानें भारतीय मानक ठरलें. त्याच्याच १९८८ च्या मसुद्यावर युनिकोडची नागरी मांडणी बेतलेली आहे. तींत ‘क’ चा अंक २३२५, ‘ग’ चा २३२७, ‘त’ चा २३४०, ‘न’ चा २३४४, ‘र’ चा २३५२. काना २३६६, र्‍हस्व वेलांटी २३६७, दीर्घ वेलांटी २३६८, आणि पाय मोडण्याचें चिन्ह २३८१. मांडणाऱ्यांनीं विचार केला होता हें मान्य केलें पाहिजे. मात्रा सर्व व्यंजनांच्या मागें व पाय मोडण्याचें चिन्ह त्यांच्याहि मागें ठेवल्यामुळें ‘कमल, काम, क्रम’ हे शब्द कोशांतल्याप्रमाणेंच बरोबर लागतात.

आतां ‘रत्नागिरी’ हा शब्द घ्यावा. कानाला चार अक्षरें. संगणकाला नऊ चिन्हें : र, त, पायमोड, न, काना, ग, र्‍हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. हीं नऊ अंकांप्रमाणें लावलीं कीं ग, त, न, र, र अशीं उघडीं व्यंजनें पुढें येतात, आणि काना, दोन्ही वेलांट्या व पायमोड अशीं चारहि चिन्हें बिचाऱ्या शेवटच्या ‘र’ च्या अंगावर कोसळतात. यांत संगणकाचा दोष नाहीं. मात्रा ही अक्षराची सून आहे, तिचें स्वतंत्र बिऱ्हाड नाहीं, हें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें. तें सांगून, चिन्हांऐवजीं पुरीं अक्षरें धरून लावण्यास सांगितलें, तर ‘गि, त्ना, र, री’ असा शहाण्यासारखा क्रम मिळतो.

राहिला ‘ळ’. इस्कीच्या मांडणीचा हेतु सर्व भारतीय लिपींना एकच नकाशा देण्याचा होता. नागरींतलें लेखन एका खुणेसरशीं कानडींत वा तेलुगूंत दिसावें. म्हणून जवळच्या ध्वनींना शेजारीं बसविलें : ‘र’ च्या बाजूला ‘ऱ’, ‘ल’ च्या बाजूला ‘ळ’. ‘ल’ चा अंक २३५४, ‘ळ’ चा २३५५, ‘व’ चा २३५७. साळवी सावंताच्या पुढें गेला तो या दोन अंकांच्या अंतरानें. या व्यवस्थेंत मराठीचेंच तेवढें नुकसान झालें असेंहि नाहीं. गुजराती, कानडी व तेलुगू मुलेंहि ‘ळ’ ‘ह’ च्या मागूनच म्हणतात. आणि ‘क्ष’ ला तर स्वतःचा अंकच मिळाला नाहीं. तो ‘क’, पायमोड आणि ‘ष’ अशा तीन चिन्हांचा; म्हणून हिंदी कोशांतल्याप्रमाणें तो ‘क’ च्या घरीं राहतो. नकाशा काढणाऱ्यांनीं सोयीसाठीं केलेली निवड अशी न बोलतां लाखों याद्यांचा क्रम होऊन बसली. मतदार असो, रुग्ण असो वा परीक्षार्थी, व्हच्या पलीकडे आपलें नांव शोधणाऱ्याला तें तेथें सांपडत नाहीं, आणि यादींत नांवच नाहीं असें समजून तो परत फिरूं शकतो.

उपाय अवघड नाहीं. अंक बदलतां येत नाहींत; जगभरचें साठविलेलें लेखन त्यानें विस्कटेल. पण अंकांवर विसंबून न राहतां, प्रत्येक भाषेसाठीं क्रमाचे निराळे नियम जोडतां येतात. युनिकोडच्या माहितीसंग्रहांत मराठीचे असे नियम आहेत व त्यांत ‘ळ’ ‘ह’ च्या मागें बसतो. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं प्रमाण वर्णमाला जाहीर केली, तींतहि ‘ळ’ ‘ह’ च्या मागेंच असून क्ष व ज्ञ शेवटीं आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्यानें क्रम लावण्यापूर्वीं ‘भाषा मराठी’ एवढें एका ओळींत सांगावयाचें असतें. बहुतेकजण तें सांगत नाहींत, कारण इंग्रजी नांवांवर करून पाहिलेली आज्ञावली तेवढ्यावांचूनहि बरोबर चाललेली असते. ज्यानें तें सांगितलें त्याच्या पटांत सावंताला आपली जागा परत मिळते, साळवी त्याच्या मागें बसतो आणि क्षीरसागर मुकाट्यानें शेवटच्या बाकावर जातो.