केळशीकडील जुनें अन्न

स्मरणिकांतून बहुधा इमारतींचा व अधिकाऱ्यांचा इतिहास येतो. चुलीचा इतिहास क्वचित् येतो. तथापि ज्या अन्नावर एखादा प्रांत वाढला, तें अन्न म्हणजे त्या प्रांताच्या शेतीचें, व्यापाराचें व शेजारधर्माचें बोलकें दफ्तर होय. हें दफ्तर आज झपाट्यानें नाहींसें होत आहे. म्हणून उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील केळशी गांव दृष्टीसमोर ठेवून त्याचीं कांहीं पानें वाचकांपुढें उलगडण्याचें योजिलें आहे.

केळशी हें दापोली तालुक्यांतील गांव भारजा नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. महालक्ष्मीचें देऊळ, याकूबबाबांचा दर्गा व समुद्रकांठची वाळूची मोठी टेकडी हीं त्याचीं प्रसिद्ध स्थानें. सखल भागांत भातखाचरें, घरांभोंवतीं नारळी-पोफळीच्या वाड्या व मागें चढत गेलेली वरकस जमीन अशी येथील भूमीची ठेवण आहे. समोर समुद्र व खाडी आहेच. येथील जेवणहि याच ठेवणीस अनुसरून घडलें.

खाचरांतील भात थोडा, आणि खाणारीं तोंडें फार. म्हणून कष्टकरी घरांचें पोट डोंगरउतारावरील धान्यांवर भरे. राब भाजून पहिल्या वर्षीं नाचणी, पुढें वरी, त्यानंतर हरीक, आणि मग जमिनीस कांहीं वर्षें विसांवा, असा सर्वसाधारण क्रम असे. हरकाला कधीं कधीं बुरशीची बाधा होऊन तो ‘मातत’ असे. असा हरीक पोटांत गेला तर घेरी येई. कोणता हरीक खावा व कोणता टाकावा, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें, वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांत होतें. भात कापून झाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर कुळीथ व कडवे वाल होत. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवला, म्हणजे पावसाळ्यांत मासळी मिळेनाशी झाली तरी लसूण व आमसुलें घालून पिठी होई, आणि मऊ भाताबरोबर घर जेवे. उन्हाळ्यांत रातांब्यांच्या साली त्यांच्याच रसांत मीठ घालून भिजवीत व पुनःपुन्हां उन्हांत वाळवीत, तींच आमसुलें. सुकें बोंबील, सुकट, फणसपोळी व आंबापोळी हीहि त्याच आगोटीच्या बेगमींतलीं.

या सर्वच वस्तु मूळच्या येथल्या, असें मात्र नव्हे. इ.स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैद यानें याच किनाऱ्यावरचें दाभोळ बंदर लुटून जाळलें. पोर्तुगीजांच्याच दर्यावर्दी व्यापारानें सोळाव्या शतकांत अमेरिका खंडांतील मिरची, काजू व अननस या किनाऱ्यास आणून दिले. तलवार व रोप एकाच ध्वजाखालीं आलीं, हें आपण ख्रिस्ती जनांनीं विसरूं नये. मिरची येण्यापूर्वीं तिखटपणाची गरज मिरीं व आलें यांवर भागत असे. उलट कोकमाचें झाड येथलेंच. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्याच्या फळाचा उल्लेख केला आहे.

शेजारधर्माची साक्ष पाहावयाची असेल, तर सांदण पाहावें. तांदळाचा रवा फणसाच्या रसांत कालवून वाफविला, कीं हिंदु घरचें सांदण होतें. कोंकणी मुसलमान घरांतून तेंच नारळाच्या दुधांत पांढरेंशुभ्र करितात. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती घरांत व गोव्यांतील सान्नांत पीठ माडीनें फुगविण्याची रीत आहे. पूजास्थान वेगळें, आंबविण्याची रीत वेगळी; पण तांदूळ एक, वाफ एक, आणि नांवहि जवळजवळ एक. धर्मांतरानें माणसाचें दैवत बदललें, तरी आईचें मोदकपात्र बदललें नाहीं.

मग हें अन्न मागें कां पडलें? मुंबईच्या गिरण्यांनीं घरचा तरुण हात नेला व मनिऑर्डर पाठविली; उतारावर नाचणी लावण्यास माणूस उरला नाहीं. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, आणि पुढें खेड्यापाड्यांतहि शिधापत्रिकेवर तांदूळ व गहूं मिळूं लागले. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें वरकस जमिनीवर कलमें उभीं राहिलीं. यांत दोष कोणाचा नाहीं. उपाशी माणसास तांदूळ मिळाला, ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु त्याबरोबर एक खोटी लाज आली. आमच्या शाळेच्या दिवसांत, १९८० च्या सुमारास, ज्याच्या डब्यांत नाचणीची काळी भाकरी असे तो मुलगा झांकणाच्या आडूनच जेवी. ज्या भाकरीच्या शंभर ग्रॅम धान्यांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तांदळाच्या कित्येक पट, तीच भाकरी आम्हीं लपविली.

आज वारा फिरला आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकन लाभलें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें नाचणी व कोकम यांच्या सुधारलेल्या जाती दिल्या. शहरांतील दुकानांत नाचणी आतां मानानें मांडलेली असते. परंतु दुकानांत पीठ मिळतें, हात मिळत नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या पुन्हां लावतां येतील, एका पिढीनें उभ्या राहतील. पण मातलेला हरीक ओळखणारी म्हातारी एकदां गेली, कीं तिचें रोप कोणत्याहि वाटिकेंत मिळावयाचें नाहीं.

जुन्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा येथें हेतु नाहीं. आमच्या आजीनें हरीक हौसेनें रांधला नाहीं, तो भुकेनें रांधला. परंतु भूक ही दरिद्री असली तरी भुकेंतून मिळविलेलें शहाणपण दरिद्री नसतें. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही प्रार्थना आपण नित्य म्हणतों. ती भाकर कोणत्या मातीची, कोणत्या हातची, हें जाणून म्हटली तर तिचा अर्थ अधिक खोल जाईल. तेव्हां वाचकहो, या वर्षीं प्रत्येक घरानें दोन कामें करावीं: घरांतील अथवा शेजारच्या वृद्धेजवळ बसून एका तरी पदार्थाची कृति, तिच्या मापानें व तिच्या शब्दांत, वहींत उतरून घ्यावी, आणि ज्यास वीतभर वरकस जमीन आहे त्यानें मूठभर नाचणीचें बीं राखून ठेवावें. वहीनें आठवण टिकेल, बियाण्यानें चव टिकेल; दोहोंपैकीं एक नसेल तर दुसरें निरर्थक होय.