ड्राय संप म्हणजे काय? काही इंजिनांचं ऑइल वेगळ्या टाकीत का ठेवतात?

काकांची जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट अख्खा पावसाळा पार्किंगमध्ये उभी होती. मी डिपस्टिक काढली तर तिला ऑइल लागेचना. म्हटलं, संपलं वाटतं! अर्धा लिटर ओतलं आणि किक मारली. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ब्रीदरच्या नळीतून ऑइलची धार. ऑइल संपलं नव्हतंच, ते टाकीतून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये झिरपलं होतं. त्या दिवशी मला कळलं की बुलेटचं ते इंजिन ड्राय संप आहे.

आधी साधी पद्धत बघू. बहुतेक गाड्यांत ऑइल इंजिनच्या तळाशी असलेल्या संपमध्ये साठतं आणि पंप तिथूनच ते ओढतो. हा झाला वेट संप. स्वस्त, सुटसुटीत, रोजच्या वापराला पुरेसा.

अडचण येते ती रेस ट्रॅकवर. चहाचा कप हातात धरून रिक्षात बसा आणि रिक्षाने जोरात वळण घेऊ द्या. संपमध्ये नेमकं तेच होतं. वळणावर १ जी बाजूचा जोर आला की ऑइलची पातळी ४५ अंशात कलते. फॉर्म्युला वनची कार तर ४-५ जी झेलते, तिथे ऑइल जवळजवळ भिंतीला उभं चिकटेल. मग पंपाच्या तोंडाशी उरते फक्त हवा. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात ऑइलचा अगदी पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो, आणि लाखोंचं इंजिन काही सेकंदांत जाम होऊ शकतं.

ड्राय संपमध्ये ऑइल तळाशी साठूच देत नाहीत. स्कॅव्हेंज पंप ते खालून उपसून बाहेरच्या टाकीत पाठवतात. ऑइलबरोबर हवाही ओढली जाते, म्हणून या पंपांची क्षमता प्रेशर पंपापेक्षा जास्त ठेवावी लागते. टाकी सहसा उंच आणि अरुंद असते. तिच्यात फेस जिरतो, हवा सुटी होते, आणि प्रेशर पंपाला तळातून शुद्ध ऑइल मिळतं.

आणखी फायदा म्हणजे संप उथळ झाल्याने इंजिन खाली बसवता येतं, गाडीचा तोल सुधारतो. क्रँकशाफ्टला ऑइल घुसळत बसावं लागत नाही, तेवढी ताकदही वाचते. पोर्शे ९११ मध्ये ही पद्धत सुरुवातीपासून, म्हणजे १९६४ पासून होती. २००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ च्या ७ लिटर इंजिनातही होती. मग सगळ्याच गाड्यांत का नाही? जादा पंप, पाइप, टाकी, वजन आणि अर्थात खर्च. ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकला हे परवडणारं नाही आणि खरं सांगायचं तर गरजही नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाइक तर वळणावर स्वतःच कलते, मग तिला कशाला? बरोबर. कलल्यामुळे बाइकमध्ये ऑइल फारसं बाजूला पळत नाही. १९६९ च्या होंडा सीबी-७५० ला ड्राय संप होता, पण बाइकमध्ये त्याचा मोठा उपयोग जागा वाचवण्यासाठी होतो. बुलेटच्या त्या इंजिनात तर टाकी वेगळी दिसतच नाही, ती क्रँककेसच्या ओतीव भागातच एक कप्पा आहे. म्हणूनच मी फसलो.

तुमच्या घरी अशी बुलेट असेल तर थंड इंजिनवर डिपस्टिक बघून ऑइल ओतू नका. आधी इंजिन काही मिनिटं चालू द्या, म्हणजे रिटर्न पंप खालचं ऑइल टाकीत आणेल. मग बंद करून बघा. गाडीगणिक पद्धत बदलते, जुन्या एअर-कूल्ड ९११ मध्ये तर गरम इंजिन चालू ठेवूनच पातळी बघतात. तेव्हा मॅन्युअल आधी उघडा.