हाली रुपया, दिडकी आणि एम-प्लस

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तिथले चलन हाली शिक्का, तर मुंबईचा पैसा कलदार रुपयांत. सहा कलदारांचे साधारण सात हाली होत. त्यामुळे मुंबईशी व्यवहार असला की मुनिमाचे काम वाढे. प्रत्येक ओळीत माल गुणिले भाव, मग सर्व ओळींची बेरीज, आणि शेवटी त्या बेरजेत तिचाच सहावा भाग मिळवायचा.

गुणाकाराला पाठांतर होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दीड रुपया दराने २७ शेर म्हटले की दिडकीतून थेट साडेचाळीस. सोळा आण्यांच्या रुपयाला ही पद्धत चपखल बसे, कारण पाव म्हणजे नेमके चार आणे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि या पाढ्यांची गरज ओसरली. त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. मात्र ओळीचे उत्तर बाजूला टिपून ठेवण्याचे मुनिमाचे दुसरे काम संपले नाही.

हेच काम यंत्राकडे सोपवण्याचा विचार चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात केला. त्याच्या आराखड्यात आकडेमोडीची ‘गिरणी’ वेगळी आणि आकडे साठवण्याचे ‘कोठार’ वेगळे. १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये असे एकच कोठार होते, एका संख्येपुरते.

त्याची गरज वर्गात सहज दाखवता येते. १२ नग ३५ रुपयांचे आणि १८ नग ४२ रुपयांचे. साध्या कॅल्क्युलेटरवर १२ × ३५ + १८ × ४२ सलग दाबले तर उत्तर १८,३९६! यंत्र डावीकडून उजवीकडे जाते; ४२० मध्ये १८ मिळवून सगळ्यालाच ४२ ने गुणते. विंडोजच्या कॅल्क्युलेटरची ‘स्टँडर्ड’ पद्धतही असेच करते.

आता कोठार वापरू. आधी कंट्रोल-एल दाबून ते रिकामे करावे, नाहीतर मागच्या गिऱ्हाइकाची रक्कम याच्या बिलात येते. १२ × ३५ =, कंट्रोल-पी (म्हणजे एम-प्लस). १८ × ४२ =, पुन्हा कंट्रोल-पी. कंट्रोल-आर दाबताच १,१७६.

हे कलदार धरून ७ ने गुणून ६ ने भागले की १,३७२ हाली. मुनिमाच्या रीतीने १,१७६ चा सहावा भाग १९६; तो मिळवला की तोंडीही तेवढेच येतात.