चुलीपाशी किती वर्षं?

आमच्या वेल्ह्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सन सांगता येत नाही, काळ मात्र बिनचूक सांगतात. आजी लग्न होऊन गुंजण मावळात आली ती ‘भोरच्या पंतांचं राज्य गेलं त्या साली’, म्हणजे 1948. धाकटे काका पाळण्यात होते तेव्हा पानशेतचं धरण फुटलं. ती 12 जुलै 1961 ची सकाळ.

आजीच्या सगळ्या गोष्टींत धूर असायचा. इकडचा पाऊस चार महिने उसंत देत नाही. सरपण ओलं, दारं लावलेली, पलीकडच्या खणात गुरं. चुलीवर भात, वैलावर कालवण आणि फुंकणीला तोंड लावून ती. धुराला कुणी वाईट म्हणत नसे. त्यानं वाशांना कीड लागत नव्हती, माळ्यावरचं बियाणं टिकत होतं. ‘बायांना खोकला असायचाच,’ ती म्हणायची. तिची सासू डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन राजगड चढायची. तीच पुढं अंगण ओलांडताना धापा टाकायला लागली. रात्री आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची.

डॉक्टर विचारायचे, ‘विडी ओढता का?’ नाही म्हटलं की विषय संपला.

हा प्रश्न बदलण्यात पुण्याच्या डॉ. संदीप साळवींचा मोठा वाटा आहे. साउदॅम्प्टनला असताना त्यांनी डिझेलचा धूर निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत काय करतो ते तपासलं. पुढं पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये ते चुलीच्या धुराकडे वळले. 2009 साली त्यांनी आणि पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की सीओपीडीच्या, म्हणजे आपल्या काळ्या दम्याच्या, अंदाजे 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं. तेव्हा जगात धूम्रपान करणारे होते सुमारे 1 अब्ज, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात राहणारे सुमारे 3 अब्ज.

विड्या-सिगारेटींचा हिशेब रोज किती आणि किती वर्षं असा मांडतात. तसाच चुलीचाही मांडतात: रोजचे तास गुणिले वर्षं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हा आकडा आमच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींतच असतो. पंतांचं राज्य गेलं तेव्हापासून घरात गॅस येईपर्यंत आजीची पन्नासएक वर्षं भरतात. रोजचे पाच तास धरले तर अडीचशे.

आत्याची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, केली तेव्हा मी शेजारी उभा होतो. नाकाला चिमटा, तोंडात नळी. ‘आजी, जोरात फुंका, फुंका, अजून फुंका!’ ओल्या लाकडाचा जाळ पेटवणारी आत्या, पण फुंकर निम्म्यातच तुटली आणि खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या खेपेला कुठं तपासणी जमली. मग डॉक्टरांनी चुलीचं विचारलं. ‘गॅस आहे की,’ ती म्हणाली. स्वयंपाक गॅसवर होतो हे खरंच आहे, पण आंघोळीचं पाणी आजही न्हाणीजवळच्या चुलीवर तापतं. तो पहाटेचा तास मी डॉक्टरांना सांगितला, आणि त्यांनी तो लिहून घेतला.