इंग्लंडांतील जुने भयपट आणि त्यांचे संग्राहक



इतिहास म्हटला म्हणजे ताम्रपट, बखरी, शिलालेख आणि दफ्तरांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. जुन्या भयपटांच्या कॅसेटींनाहि इतिहासाचीं साधनें म्हणावें असें मी सांगूं लागलों, तर आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. जन्मभर शाळेंत सनावळ्या घोकून घेतलेल्या या मास्तराला म्हातारपणीं हा कोणता छंद सुचला, असेंहि कोणी म्हणेल. परंतु साधन कोणत्या जातीचें आहे यापेक्षां तें कसें नष्ट होतें व कसें वांचतें, हें पाहणें अधिक बोधप्रद असतें; आणि त्या दृष्टीनें इंग्लंडांतील भयपटांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम एका नटाची ओळख करून देतों. बोरिस कार्लोफ या नांवानें जगाला ठाऊक असलेल्या नटाचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचा जन्म १८८७ सालीं लंडन येथें झाला. सयामच्या राजवाड्यांत मुलांना शिकविणारी प्रसिद्ध ॲना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची बहीण. आणि या ॲनाबाईंचा जन्म १८३१ सालीं आपल्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, झालेला! आपला जन्म वेल्स प्रांतांतला असें त्या सांगत, ती गोष्ट निराळी. असो. कार्लोफ १९०९ सालीं कॅनडांत गेला, तेथून हॉलिवुडांत पोंचला, आणि १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसाच्या भूमिकेनें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें.

१९३३ सालीं तो मायदेशीं आला व गोमाँ-ब्रिटिश कंपनीच्या ‘द घूल’ या बोलपटांत त्यानें काम केलें. मिसर देशाच्या प्राचीन विद्येनें झपाटलेला एक म्हातारा प्राध्यापक एक दिव्य रत्न मिळवितो. तें आपल्या हातांत ठेवूनच आपणांस पुरावें असें सांगून मरतो. रत्न चोरीला जातें आणि म्हातारा थडग्यांतून उठून त्याच्या मागावर निघतो, असें याचें कथानक. पुढें हा चित्रपटच नाहींसा झाला. तो कायमचा हरवला अशी सर्वांची समजूत होती. १९६९ सालीं चेकोस्लोव्हाकियांत त्याची एक प्रत सांपडली. पण ती तुटक होती, चित्र अंधुक, आवाज अस्पष्ट, आणि खालीं चेक भाषेंतील अक्षरें उमटलेलीं. पुष्कळ काळ रसिकांनीं तिच्यावरच तहान भागविली व घरगुती कॅसेटहि तिच्यावरूनच निघाली. नंतर १९८० पुढील पहिल्या कांहीं वर्षांत शेपर्टन येथील स्टुडिओमध्यें एक विसरलेली कोठी मोकळी करतांना, लांकडाच्या ढिगानें अडलेल्या दाराआड, मूळ निगेटिव्ह उत्तम स्थितींत हातीं लागली. तिच्यावरून केलेली स्वच्छ तबकडी २००३ सालीं निघाली; म्हणजे चित्रपट निघाल्यास बरोबर सत्तर वर्षें झालीं होतीं. कथेंतला प्राध्यापक थडग्यांतून उठला, तसाच चित्रपटहि उठला!

असे चित्रपट हरवले कां? याचीं कारणें तीन. पहिलें कारण रासायनिक. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर घेत. ही फीत कालांतरानें चिकट होऊन तिची पूड होते. आणि पेटली तर पाण्यानेंहि विझत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु ती स्वतःच सोडीत असते. दुसरें कारण व्यापारी. फिरून आलेल्या प्रती सांभाळणें खर्चाचें, म्हणून त्या नष्ट केल्या जात. तिसरें कारण मात्र माणसाच्या मनांतलें आहे, व तें म्हणजे तुच्छता. १९३२ च्या सुमारास तेथील सेन्सॉर मंडळानें अशा चित्रपटांवर ‘भयानक’ या अर्थाची ‘एच’ ही खूण मारण्यास आरंभ केला, आणि १९३७ पासून या वर्गाचे चित्रपट सोळा वर्षांखालील मुलांना वर्ज्य झाले. १९५१ सालीं ‘एच’ जाऊन ‘एक्स’ आलें. ज्याला सभ्य माणूस नांवें ठेवतो, त्याची एक प्रत जपून ठेवा असें कोण म्हणणार?

१९३४ सालीं निघालेल्या हॅमर कंपनीचेंच पाहा. टेम्सच्या कांठीं ब्रे येथील एका जुन्या हवेलींत थाटलेल्या स्टुडिओंत दिग्दर्शक टेरेन्स फिशर यानें, पीटर कुशिंग व ख्रिस्तोफर ली या नटांना घेऊन, १९५७ सालीं ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ व १९५८ सालीं ‘ड्रॅक्युला’ काढला. अनेक टीकाकारांनीं नाकें मुरडलीं; पण परदेशांतून इतका पैसा आला कीं, १९६८ सालीं कंपनीला उद्योगधंद्यांसाठीं असलेलें राणीचें पारितोषिक मिळालें. ‘ड्रॅक्युला’तील कांहीं भाग सेन्सॉरनें कापला होता. तो जपानी प्रतींत शिल्लक आहे, अशी वदंता संग्राहकांत कित्येक वर्षें होती. टोकियोंत राहणाऱ्या एका इंग्रज रसिकानें पिच्छा पुरविला, तेव्हां २०११ सालीं तेथील राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत शेवटचीं चार रिळें सांपडलीं. आधींचीं रिळें १९८४ च्या आगींत गेलीं होतीं. सूर्यप्रकाशानें ड्रॅक्युलाचें शरीर झडून जातें, त्या प्रसंगाचा कापलेला भाग त्यांत होता. २०१३ च्या ब्लू-रे तबकडींत तो जोडला गेला. वदंतीचा पुरावा झाला तो असा.

आतां घरगुती व्हिडिओकडे वळूं. १९७६ सालीं जपानांत निघालेलीं व्ही. एच. एस. यंत्रें लौकरच इंग्लंडांत आलीं, आणि तोंवर चित्रपटगृहाच्या मालकाची वस्तु असलेला चित्रपट सामान्य माणसाच्या कपाटांत आला. त्याबरोबर आरडाओरडहि झाली. दुकानांवर पोलिसांच्या धाडी पडल्या व १९८४ सालीं व्हिडिओचा स्वतंत्र कायदा झाला. गंमत अशी कीं, हा कायदा करतांना युरोपीय आयोगाला रीतसर कळवावयाचें राहून गेलें होतें, तें २००९ सालीं उघडकीस आलें. आणि २०१० सालीं तोच कायदा पुन्हां संमत करावा लागला. पंचवीस वर्षें भुतांना भिवविणारें शस्त्र कागदाचें निघालें!

या छंदांत मीहि ओढला गेलों. विलायतेंत राहणाऱ्या एका आप्तानें मला ‘ड्रॅक्युला’ची कॅसेट पाठविली होती. इंग्लंड व हिंदुस्थान यांची दूरदर्शनाची पद्धत एकच, ‘पाल’ नांवाची. म्हणून ती येथील यंत्रावर बिनतक्रार चाले. तबकड्या आल्यावर तेंहि सुख गेलें, कारण इंग्लंड दुसऱ्या विभागांत आणि आपण पांचव्यांत. ‘द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे’ हा १९५९ चा हॅमरचा चित्रपट मीं फार उत्सुकतेनें पाहिला. ठगांच्या त्या कथेंतली मुंबई ब्रे येथेंच उभारलेली! ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनचें कार्य वस्तुतः जबलपुराकडील मुलखांत झालें. असा चित्रपट मुंबईचा इतिहास सांगत नाहीं. पण इंग्रज माणसाच्या मनांत मुंबई कशी होती, याचा मात्र तो अस्सल दस्तऐवज आहे.

ती ‘ड्रॅक्युला’ची कॅसेट आज माझ्याजवळ नाहीं. तीनचार पावसाळे मीं ती पेटींत तशीच ठेवली. उघडून पाहतों तों फितीवर पांढरी बुरशी. विद्यार्थ्यांना जुनीं कागदपत्रें जपण्याचा उपदेश करणाऱ्या माझ्या हातून हें घडलें, याची लाज आजहि वाटते. दुसरी प्रत सहज मिळाली, हें माझें भाग्य. परंतु ज्या फितीची दुसरी प्रतच नाहीं, तिचें काय? २००३ सालीं आपल्या पुण्यांतच लागलेल्या आगींत नायट्रेटवरील अनेक जुन्या चित्रपटांचीं रिळें भस्मसात् झालीं. त्यांतील जें दुसरीकडे कोठें नव्हतें, तें आतां कोणत्याहि शोधानें परत येणार नाहीं.

आज घरबसल्या तारेवरून हवा तो चित्रपट येतो, मग संग्रह हवा कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. जें भाड्यानें येतें तें मालकाच्या इच्छेनें जातें, एवढेंच माझें उत्तर. ‘द घूल’ची ती तुटकी प्रत कोणीं फेंकली नाहीं, म्हणून त्या चित्रपटाची आठवण तरी जिवंत राहिली.

म्हणून शेवटीं एक विनंति. आपल्या घरांतहि माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील. कोणाच्या लग्नाच्या, कोणाच्या गांवच्या नाटकाच्या, कोणाच्या दिवंगत वडिलांच्या आवाजाच्या. त्यांची दुसरी प्रत बहुधा टोकियोंत नाहीं आणि शेपर्टनलाहि नाहीं. पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं त्या खालीं काढा, कोरड्या जागीं ठेवा, आणि जाणत्या माणसाकडून त्यांची नवी प्रत करून घ्या. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.